कुलकुल वळता वळता सांगायच्या नाताळच्या गमती

वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळासाठी कुलकुल, म्हणजे शिंपल्यासारखे वळलेले गोड तळणीचे तुकडे, वळायला सगळे एकत्र बसतात. जेवणाच्या काट्याच्या पाठीवर पीठ वळताना हात गुंतलेले, तोंडं मोकळी. गोष्टींची बैठक तेव्हाच जमवा. २४ तारखेच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची घाई असते आणि परतल्यावर मुलं पेंगतात. तळणीला बसलेल्याला मात्र गोष्ट सांगायला लावू नका. कढईवरचं लक्ष उडतं.

प्रसंग घरातलाच निवडा. माणसं तीन-चार, घोळ एकच, वेळ पाच मिनिटं. लिहून वाचणार असाल तर साधारण सहाशे शब्द पुरतात.

गोष्ट फसते ती बहुधा क्रमामुळे. समजा, आजीने बाळ येशूची मूर्ती जपून ठेवायची म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली आणि स्वतःच विसरली. सुरुवात ‘आजीने एकदा मूर्ती डब्यात ठेवली’ अशी केलीत, की गंमत संपली. येशूजन्माच्या देखाव्यासाठी घरात मांडलेल्या गोठ्यापासून सुरू करा: चांदणी टांगलेली, मेंढ्या मांडलेल्या, गव्हाणी रिकामी. मग शोधाशोध, आळ मांजरावर, सर्वांत मोठ्याने ओरडणारी आजीच. दुसऱ्या दिवशी पाहुणे वाढले, भात कमी पडला, डबा उघडला. तिथेच थांबा. कोणी काय ठेवलं होतं, हे समजावत बसू नका.

निवेदन कुठल्याही मराठीत चालेल, पण माणसांची वाक्यं त्यांच्याच बोलीत ठेवा. आजी कादोडी ही वसईची बोली बोलत असेल तर तिचं ओरडणं कादोडीतच हवं. प्रमाण मराठीत ते निम्मं मरतं.

ज्याच्यावर हसायचं, त्याला आधी विचारा. नवी सून, नवा जावई आणि लहान मुलं पहिल्या वर्षी फक्त श्रोते. पैसे, दारू, मोडलेली लग्नं वर्ज्य. सर्वांत मोठ्या माणसाने स्वतःची फजिती आधी सांगितली, की बाकीचे सैलावतात.

‘छे, असं नव्हतंच!’ म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला अडवू नका, पुढची पाळी द्या. दुसरी आवृत्ती बहुतेक जास्त रंगते.

वहीत वर्ष, सांगणाऱ्याचं नाव, घटनाक्रमाच्या पाच-सहा ओळी आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं टिपा. सगळी गोष्ट उतरवलीत तर पुढच्या वर्षी लोक ती सांगण्याऐवजी वाचून दाखवतात.

परदेशातले नातेवाईक व्हिडिओ कॉलवर असतील, तर शेवटच्या वाक्यानंतर दोन-तीन सेकंद गप्प राहा. त्यांचं हसू उशिरा पोहोचतं.