शिकारी पक्षी उडताना कसा ओळखावा आणि त्याची शिकार कशी पाहावी

नवखा निरीक्षक रंग शोधतो आणि तिथेच फसतो. उंचावरचा पक्षी आभाळापुढे काळाच दिसतो, शिवाय अनेक जातींत तरुण आणि प्रौढ पक्ष्याचा पिसारा वेगळा असतो. उडण्याची ढब मात्र सहसा दगा देत नाही.

१. वेळ साधा. सूर्योदयानंतर दोनेक तासांनी जमीन तापते आणि गरम हवा वर चढू लागते. घारी, गरुड, गिधाडं त्या हवेवर गोल घिरट्या घेत, पंख न हलवता उंची गाठतात. दुर्बीण ८ × ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. १२ पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही मोठा होतो.

२. पंख पाहा. रुंद पंख आणि टोकाला बोटांसारखी सुटी पिसं असली, तर पक्षी तरंगणारा. लांब, टोकदार पंख ससाण्याचे. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपटी शिक्र्याची. झाडांच्या दाटीत झटकन वळायला तीच कामी येते. घारीच्या शेपटीला खाच असते, पण शेपटी पूर्ण फाकवली की ती दिसेनाशी होते. म्हणून एका नजरेत निकाल देऊ नका.

३. शिकारीची तऱ्हा ओळखा. खरूची, म्हणजे एक छोटा ससाणा, वाऱ्याकडे तोंड करून एकाच जागी फडफडते. तेव्हा तिचं डोकं बघाच! पंख आणि शेपटी सतत हलत असतात, डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं. नजर स्थिर राहिली तरच गवतातल्या उंदराची हालचाल टिपता येते. कापशी घारही अशीच थांबते. तिची शेपटी आखूड, खरूचीची लांब.

बहिरी ससाणा पंख मिटून सूर मारतो तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. दुर्बिणीने त्याचा पाठलाग केलात तर तो हरवणारच. त्यापेक्षा खालच्या कबुतरांवर डोळा ठेवा. थवा एकाएकी घट्ट झाला की वर पाहा. बरेच हल्ले फुकट जातात, तेव्हा धीर हवा.

पाण्यावर कैकर, म्हणजे मासे खाणारा शिकारी पक्षी, पाय पुढे करून झेपावते. बाहेरचं बोट मागे वळवून ती मासा दोन-दोन बोटांत धरते, आणि नेताना त्याचं तोंड पुढे ठेवते, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो.

४. घरट्यापासून लांब राहा. पक्षी डोक्यावर ओरडत फिरू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. लगेच मागे फिरा. तो घरट्यावर परतेपर्यंत अंडी उघडी पडलेली असतात.