पेठेतलं पडीक घर: घ्यावं कसं, दुरुस्त करून विकावं कसं

कोल्हापूरच्या पेठेत जुनं घर बघायला जायचं ते आषाढात. मे महिन्यात कोणतंही घर बरंच दिसतं. पंधरा दिवस झड लागली की कौलं, पन्हळी आणि भिंतीचा पाय खरं बोलायला लागतात.

बघताना

पंचगंगा नदी आणि जयंती नाल्याच्या बाजूचं घर असेल तर पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला न विचारता गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा. राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली होती. सोप्यातलं (पुढच्या खोलीतलं) कपाट सरकवून मागची भिंत बघा. रंग कमरेएवढाच नवा असेल तर समजून जा. घर पूररेषेत येतं का, हे महापालिकेत विचारून घ्या.

सोबत स्क्रू ड्रायव्हर ठेवा. तुळई मधोमध टणक लागते. ती जिथं भिंतीत शिरते तिथं टोचा. ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. टोक आत गेलं, भुसा पडला, तर सुताराचा खर्च किमतीतून कमी करून बोला.

कागद

फायदा इथंच ठरतो, टाइल्समध्ये नाही. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाचा, म्हणजे मालकीच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. पेठेतल्या घरांवर बऱ्याचदा आजोबांचंच नाव असतं आणि वारस मुंबईपर्यंत पसरलेले. बहिणींचाही हिस्सा असतो. त्यांची खरेदीपत्रावर सही तरी हवी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध), पेपरात जाहीर नोटीस, घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी हे सगळं संचकार (विसार) देण्याआधी. मागच्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर ती खोली रिकामी होईल असं धरूच नका.

हिशेब

समजा घर 40 लाखांना घेतलं. मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के म्हणजे 2.40 लाख, नोंदणी 30 हजार. दुरुस्ती 7 लाख; व्याज, एजंट, वकील, किरकोळ मिळून 2 लाख. झाले 51.70 लाख. 55 ला विकलं तरी हातात 3.30 लाख, तेही कर भरण्याआधी. म्हणून मी म्हणतो, भाव घेतानाच पाडून घ्यायचा. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. हेच वरचेवर करायला लागलात तर तो धंदा धरला जातो. दुरुस्तीची पक्की बिलं ठेवा आणि सीएला आधी भेटा, नंतर नव्हे.

काम

दसऱ्यानंतर सुरू करा. आधी छप्पर, मग परड्यातल्या (मागच्या अंगणातल्या) पाण्याला वाट, मग वायरिंग आणि नळ, मग न्हाणी-संडास. फरशी आणि रंग शेवटी.

ओलीबद्दल एक चूक मी स्वतः केली आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीला गवंड्यानं सिमेंटचा गिलावा सुचवला, मीही मान डोलावली. दिवाळीत भिंत आरशासारखी होती. पुढच्या श्रावणात हाताएवढे पापुद्रे सुटले. जुनी भिंत ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आत कोंडते, वर चढते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला महिना लागला तरी चालेल.

सागवानी खांब घासून तेल लावा, ऑइलपेंट फासू नका. फॉल्स सीलिंग तर नकोच. गिऱ्हाईकाला वाटतं, वर काहीतरी लपवलंय. गिलावा, रंग, फरशीला परवानगी लागत नाही, पण भार घेणारी भिंत काढायची किंवा माडी चढवायची तर आर्किटेक्टमार्फत महापालिकेत अर्ज करा. सोप्यात दोन दुचाक्या आत लागतील एवढी जागा काढा. पेठेत याला मोडुलर किचनपेक्षा जास्त भाव आहे.

विकताना

गुढीपाडवा ते अक्षय तृतीया हा चांगला काळ. पितृपंधरवड्यात कुणी फिरकत नाही. गिऱ्हाईकाची बँक तुमच्याकडे तेच कागद मागणार, फाइल तयार ठेवा. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावानं सरकारात भरायचा कर, कापून पैसे देईल, त्याचा वाद घालू नका. आणि पाइप, वायरी भिंतीत बुजवण्याआधीचे फोटो मोबाइलवर असू द्या. "आतनं काय केलंय?" असं विचारलं की तेच पुढं करायचे.