परातीत गोट्या मांडून वाऱ्यानं आणलेली माती कशी मोजावी

शिमगा झाला की आमच्या बेळगाव भागात धुरळा सुरू होतो. सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. तो आपण झटकून टाकतो, शेतात मात्र तो मुरतो. माती खालच्या खडकापासून होते हे खरंच; थोडी वरूनही पडते. हवाई बेटं आपल्या काळ्या कातळासारखीच बेसाल्टची. बेसाल्टात क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतलं काचेसारखं खनिज, जवळजवळ नसतं, तरी तिथल्या मातीत ते सापडलं. आशियातून हजारो किलोमीटर वाऱ्यावर गेलेलं! आणि खानापूरकडं तर मुसळधार पाऊस जांभ्या जमिनीतला चुना, पोटॅश धुऊन नेतो, तिथं असं वरून आलेलं खनिज मोलाचं.

४० सेंटीमीटर रुंदीची परात घ्या. तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरा. गोट्या कशाला? मोकळ्या परातीत पडलेली धूळ पुढच्या झुळकीला उडून जाते. गोट्यांच्या फटीत शिरली की अडकते. भूशास्त्रज्ञही हीच युक्ती वापरतात. परात गच्चीवर, कठड्यापेक्षा उंच स्टुलावर बांधून ठेवा, वर कोंबड्यांची जाळी लावा. शेजारी बांधकाम नको. उद्यमबागेच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांनी परात गावाकडच्या नातेवाइकांकडं ठेवावी; फाउंड्रीची वाळू आणि लोखंडाचे कण सगळा हिशेब बिघडवतात.

मार्चअखेर मांडा, मिरगाआधी उतरवा. मधे वळीव आला तर पाणी परातीतच आटू द्या, धूळ मागं राहते.

आता बॅटरीत घालायचं पाणी आणा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते वजनात येतात. त्या पाण्यात गोट्या चोळून धुवा, चहाच्या गाळणीनं पानं, किड्यांचे पंख काढा आणि भांडं रात्रभर हलवू नका. चिकणमातीचा २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १० सेंटीमीटर खाली यायला सुमारे ८ तास घेतो. सकाळीही पाणी गढूळ असेल तर ओतू नका. त्यातच सगळ्यात बारीक माती असते. पातळ फडकं बांधून उन्हात आटवा.

सुकलेली माती सोनाराच्या काट्यावर तोला. ही परात चौरस मीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणून वजनाला ८ नं गुणा. आलेल्या ग्रॅमला ४ नं गुणलं की एकरी किलो मिळतात. परातीत २ ग्रॅम, तर एकरी ६४ किलो.

मग चिमूटभर कागदावर घ्या. पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा: चिकटणारे काळे कण बहुधा बेसाल्टातले. व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, काळ्या रानातला किंवा भिंतीच्या सफेदीचाही. भिंगाखाली काचेसारखे पारदर्शक कण दिसले तर तिथं वेळ घालवा, ते क्वार्ट्झचे असू शकतात. निपाणीकडच्या बेसाल्टावर ते बहुधा बाहेरून आलेले, गोकाकच्या वालुकाश्मातून, नदीच्या वाळूतून किंवा आणखी लांबून. जितके बारीक, तितका लांबचा प्रवास शक्य.

उरलेली माती बाटलीत भरून वर गाव आणि साल लिहा. अथणीच्या पाहुण्यांकडं एक परात मांडून घ्या, म्हणजे दोन्हींचा रंग शेजारी ठेवून बघता येईल.