पोरांची बोटं वाचवायची तर कोणाकोणाला एका टेबलाशी बसवायचं

मी आयटीआयमध्ये जोडारी शिकवतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आमची पोरं कामाला जातात, आणि आमच्याकडे कधीच न आलेली पोरंही जातात. दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठवड्याभरात कुणीतरी ओळखीच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बसवतं. तिथे बोटं जातात. ती जाऊ नयेत म्हणून जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना एकत्र कसं आणायचं ते इथे लिहितो. शिक्षक, सरपंच, संस्थेचा कार्यकर्ता, लघुउद्योजक, कुणीही सुरुवात करू शकतो.

आधी अपघात समजून घ्या. जुन्या चावी-क्लचच्या प्रेसवर पायडल दाबलं की रॅम, म्हणजे वरचा ठोकणारा भाग, खाली येऊन परत वर जाईपर्यंत थांबत नाही. मध्येच पाय उचलून उपयोग नाही. क्लचची स्प्रिंग थकली असेल तर एका दाबात दोन स्ट्रोक पडतात. दुसरा पडतो तेव्हा पोराचा हात तयार वॉशर उचलायला डायमध्ये, खालच्या साच्यात, गेलेला असतो. हात आत जाऊ नये म्हणून लावायचा गार्ड असतो, पण माल काढताना आडवा येतो म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेला. आणि पोराला शिकवलेलं काय, तर ‘पायडल मार, माल काढ’. स्प्रिंग बदलणं, गार्ड परत चढवणं, हातात चिमटा देणं, हे एका दिवसात होणारं काम आहे. अवघड आहे ते हा प्रेस कुठल्या शेडमध्ये आहे हे वेळेत कळणं.

ते कळत नाही, कारण माहिती वाटली गेली आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखाने बघतं. चार माणसांची शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. कामगार कार्यालय वय आणि कामाचे तास बघतं, क्लच हा त्यांचा विषय नाही. शाळेला पोरगं येत नाही एवढंच ठाऊक. पोलिसांकडे एमएलसीचा, म्हणजे रुग्णालयाने कळवायच्या जखमेच्या नोंदीचा, कागद जातो. आणि जखम धुणाऱ्या सिस्टरला सगळ्यात जास्त माहीत असतं, पण तिला कुणी विचारत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: सुरुवात ड्रेसिंग रूमपासून करा, छाप्यापासून नको. छापा पडणार अशी कुणकुण लागली की पोरं मागच्या दाराने जातात आणि त्याहून वाईट शेडमध्ये लागतात. प्रेस तसाच राहतो, त्यावर दुसरं पोरगं बसतं.

रुग्णालयात सोबतचा माणूस सांगतो, ‘दारात बोट सापडलं’, ‘गाडीवरून पडला’. पण नखाच्या कडेला मुरलेलं काळं ऑइल आणि सपाट चिरडलेलं पेर दाराने होत नाही, हे अनुभवी सिस्टरला लगेच दिसतं. तिने सोबतच्या माणसाला बाहेर बसवून एवढंच विचारायचं, ‘बाळा, हात कशात गेला?’ ‘काम करतोस का?’ असं विचारलं तर पोरगं घाबरून नाही म्हणतं. मग वहीत पाच गोष्टी टिपायच्या: वय, यंत्र, किती वाजता, कामाला लागून किती दिवस झाले, आणि परिसर. नाव नाही, मालकाचंही नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो; शिवाय नाव नसेल तरच ही यादी टेबलावर मोकळेपणाने फिरते. एमएलसी आणि बाल कल्याण समितीचा नावासहित रस्ता वेगळा आहे, तो नेहमीसारखा चालू ठेवायचाच.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा आरोग्य विभाग १९९० च्या दशकापासून याच वाटेने जातो. अल्पवयीन कामगारांच्या जखमांची माहिती भरपाईच्या दाव्यांतून आणि रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून गोळा करतात, आणि कामगार, शिक्षण, आरोग्य या खात्यांची माणसं एका गटात बसतात. आपल्याकडे वहीवर भागेल.

आता टेबल. नवी समिती काढू नका. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल असायला हवं. त्यात पोलीस, बाल कल्याण समिती, बाल संरक्षण अधिकारी, शिक्षणाधिकारी, विधी सेवा प्राधिकरण, संस्था असतात. ते बसतं मुख्यतः मुलांच्या सुटकेचं नियोजन करायला. तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांना एक पानी अर्ज द्या आणि चार माणसं जादा मागा: जिल्हा शल्यचिकित्सक, सुरक्षा संचालनालयाचे अधिकारी, आयटीआयचे प्राचार्य, उद्योजक संघटनेचा पदाधिकारी. अर्जाला रुग्णालयाच्या वहीतलं एक पान जोडा. त्या पानावर ‘वय १६, पॉवर प्रेस, संध्याकाळी ७.४०, कामाचा तिसरा दिवस’ अशा ओळी असतील तर वेगळं पटवून द्यावं लागत नाही. अर्जाची पोच घ्या आणि महिन्याने स्वतः जाऊन विचारा.

बैठकीत पहिल्यांदा कायद्याची रेघ सगळ्यांनी एकसारखी ओढायची, नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो. १४ च्या आतलं मूल कामावर नको. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावरची मदत आणि कलाकार म्हणून काम, एवढीच सवलत. १४ ते १८ म्हणजे किशोरवयीन, त्यांना धोक्याच्या प्रक्रियांत बंदी. ही बंदी २०१६ च्या दुरुस्तीने आली आणि फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचा कारखाना, त्यात येते. कोल्हापूरला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण ‘पोरगं फक्त कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) उचलतंय’ असं म्हणतात. जिथे काम चालतं तिथेही सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. वरच्या ओळीतला ७.४० चा प्रेस आपोआप कामगार अधिकाऱ्याचा झाला, बघा. पॉवर प्रेस, मिलिंग, गिलोटिन, गोल करवत ही यंत्रं तर जुन्या कारखाना नियमांपासून कोवळ्या कामगारांसाठी धोक्याची मानलेली आहेत.

मग कामं वाटायची, आणि ती यंत्रानुसार. यादीत प्रेस जास्त दिसले तर त्या परिसरात सुरक्षा अधिकारी आणि आयटीआयचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, जोडीने जातात. निदेशक कशाला? तो मालकाशी क्लचबद्दल बोलू शकतो, आणि त्याच्या हातात चलनाचं पुस्तक नसतं. स्प्रिंग, गार्ड, चिमटा, आणीबाणीचं बटण बघायचं. ड्रिल मशीनवर हातमोजे दिसले तर काढायला लावायचे. फिरत्या बिटात मोजा अडकला की पंजा ओढला जातो, आणि सुरक्षेसाठी घातलाय म्हणून कुणी टोकत नाही. लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या भागात, चावी राहिलेली नको. पहिल्या फेरीत दुरुस्तीची तारीख लिहून घ्यायची, दुसऱ्या फेरीत गार्ड नसेल तर कारवाई. मात्र पोरगं १४ च्या आतलं असेल किंवा भट्टीपाशी असेल तर पहिली-दुसरी काही नाही, त्याच दिवशी १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन.

उद्योजक संघटनेच्या माणसाला भरपाईचा तक्ता दाखवा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेल्या त्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, पूर्ण तर्जनीला १४ टक्के. वय कमी तसा भरपाई काढायचा गुणक मोठा, सोळापर्यंत २२८.५४. संघटनेने हा हिशेब सभासदांपुढे मांडला की गार्ड लवकर चढतात, कारण सांगणारा त्यांच्यातला असतो. पोराच्या घरच्यांना भरपाई मागायची असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, हे सिस्टरकडच्या एका चिठ्ठीवर छापून ठेवा.

कामावरून काढलेल्या पोराचं पुढे काय, याचं उत्तर बैठकीतच हवं. घरी पैसे लागतात म्हणूनच ते आलेलं असतं. आयटीआयची जागा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, वय बसत असेल तर शिकाऊ उमेदवारी; शिकाऊ कायद्यात प्रशिक्षणातल्या दुखापतीची भरपाई मालकावर आहे. प्राचार्यांनी त्या पोराच्या घरी माणूस पाठवायचा. फॉर्म ऑनलाइन भरा म्हणून सांगितलं की पोरगं परत शेडमध्ये दिसतं.

हे सगळं फेब्रुवारीत सुरू करा. परीक्षा मार्चमध्ये संपतात आणि एप्रिल-मेमध्ये शेड नव्या पोरांनी भरतात. फेब्रुवारीच्या बैठकीत मुख्याध्यापकांना बोलावून दहावीच्या निरोप समारंभात निदेशकाला अर्धा तास मागून घ्या. सोबत एक मोडका गार्ड आणि एक चिमटा न्या, पोरांच्या हातात द्या, आणि प्रेसवर बसवलं तर पहिल्या दिवशी मालकाला काय विचारायचं ते त्यांच्याकडून म्हणून घ्या.