घरात लहान मुलं आणि तोंडावर नाताळ: कुलकुलांपासून ‘ओल्ड मॅन’पर्यंत या चुका टाळा

डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की वसईतल्या वाड्यांत, गोव्यातल्या घरांत, पुणे-अहिल्यानगरच्या ख्रिस्ती वस्त्यांत सगळीकडे एकच लगबग सुरू होते. फराळ, गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा, ताऱ्याचा कंदील, नवे कपडे, मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. घरात दीड ते सात-आठ वर्षांची मुलं असतील तर त्या लगबगीत एक वाक्य दिवसभर कानावर येतं: “जा, बाहेर खेळ. मध्ये मध्ये करू नकोस.”

पहिली चूक हीच. हाकललेलं मूल परत येतं, आणि येतं ते नेमकं कढई तापलेली असताना. त्यापेक्षा प्रत्येक कामाचे दोन वाटे करावेत, एक मुलाचा आणि एक मोठ्यांचा. हे दोन वाटे एकाच वेळी चालू ठेवायचे नाहीत. खालच्या बऱ्याचशा अडचणी एवढ्याने सुटतात.

कुलकुलं: वळणं सकाळी, तळणं मुलं झोपल्यावर

नाताळच्या फराळात मुलांच्या हाताला सगळ्यात सोपा पदार्थ कुलकुलांचा, म्हणजे शिंपल्यासारख्या वळून तळलेल्या गोड खाऊचा. पण एक जण वळतोय, दुसरा तळतोय आणि मूल दोघांच्या मधे उभं आहे, असं चित्र बऱ्याच घरांत दिसतं. वळण्याचं काम जमिनीवर सतरंजी घालून सकाळी उरका. गॅस पेटवायचा तो मुलं दुपारी किंवा रात्री झोपल्यावर.

पिठाचं एक खात्रीचं प्रमाण: ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी किंवा तूप, २ अंडी, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं जाड दूध, साधारण १५० मिली. पीठ पुरीच्या पिठापेक्षा थोडं मऊ भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. बोराएवढ्या, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास गोळ्या केल्या तर सव्वाशेच्या घरात कुलकुलं होतात. चार-पाच वर्षांचं मूल एका बैठकीत वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही, म्हणून त्याला वेगळी लहान वाटी द्या. सगळी परात त्याच्यापुढे ठेवली की पीठ उघडं पडून सुकतं आणि मूलही कंटाळतं.

काट्याच्या पाठीवर वळायला मोठ्यांना बरं पडतं, पण लहान हातात काट्याची टोकं टोचतात. नवा, रुंद दातांचा कंगवा गरम पाण्याने धुऊन द्यावा. गोळी कंगव्यावर ठेवायची, अंगठ्याने पुढे ढकलत पातळ करायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. मूल अंगठा मधोमध दाबतं, त्यामुळे कडा पातळ होतात आणि पोट जाड राहतं. तेच पुढे आतून कच्चं निघतं. “अंगठा सरकव, दाबू नको,” एवढं सांगून पहिली दोन कुलकुलं त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून वळा, म्हणजे त्याला जमतं.

तळताना येणाऱ्या अडचणी:

तेलात कुलकुल उलगडलं, तर शेवटची कड नीट चिकटलेली नाही. पीठ सुकलेलं असेल किंवा हाताला तेल जास्त असेल तर असं होतं. कडेला दुधाचं बोट लावून दाबा.

तेलात अनारशासारखं हसलं, म्हणजे विरघळून पसरलं, तर लोणी जास्त झालंय. उरलेल्या पिठात दोन-तीन चमचे मैदा मळून घ्या आणि पुन्हा अर्धा तास ठेवा.

बाहेरून लाल आणि आतून पिठूळ निघालं, तर तेल जास्त तापलंय. पिठात साखर असल्याने रंग लवकर चढतो. पिठाचा कण टाकल्यावर तो चार-पाच सेकंदांनी वर यायला हवा. टाकताक्षणी उसळला तर आच कमी करा. मुलांनी वळलेली जाड कुलकुलं वेगळ्या घाण्यात, मंद आचेवर, जास्त वेळ तळा. आणि ती फेकू मात्र नका. डबा उघडल्यावर मूल पहिल्यांदा स्वतःचं कुलकुल शोधतं.

वळलेली कुलकुलं रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवणंही बरोबर नाही. अंडं आणि नारळाचं दूध दोन्ही नासणारे पदार्थ आहेत, त्यामुळे दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाणार असेल तर ताट फ्रीजमध्ये जावं. तळण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून वर जमलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर तेल तडतडून अंगावर उडतं. तळल्यावर डब्यात भरायची घाई नको. आतली वाफ जायला दोन-तीन तास लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुलकुलं मऊ पडतात.

कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंड्यातून साल्मोनेला नावाच्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो, आणि कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात, म्हणजे बिनअंड्याचं पीठसुद्धा चाखण्याजोगं नाही. तरीही मूल तोंडात घालेल असं वाटत असेल तर त्याच्या वाटीपुरतं पीठ बिनअंड्याचं भिजवून निदान एक धोका कमी करा आणि बाजूला आधीच तळलेली दोन-चार कुलकुलं ठेवा. हात चाटायची वेळ आली की त्यातलं एक द्यायचं.

कुलकुलांवर पाक चढवायचा असेल तर ते काम पूर्ण मोठ्यांचं. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून राहतो. लहान मुलं असताना साखर पिठातच घालावी, पाक नकोच, हे आमचं स्पष्ट मत. भाजलंच तर नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली तो भाग पूर्ण २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आले असतील, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर पाण्याखाली धरून झाल्यावर थेट दवाखान्यात जा.

केक आणि ताटातले बारीक धोके

रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याच्या केकमधली दारू भाजताना पूर्ण उडून जात नाही. मुलांसाठी वेगळा छोटा केक करा: २५० ग्रॅम मनुका, खजूर, टुटीफ्रुटी १५० मिली संत्र्याच्या रसात रात्रभर, फ्रीजमध्ये. इथे एक चूक हमखास होते. रममधला मेवा महिनाभर टिकतो म्हणून रसातलाही आठवडाभर आधी भिजवला जातो, आणि तो आंबतो. रसातला मेवा एका रात्रीचा, फार तर दोन दिवसांचा.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, केकवर लावलेलासुद्धा नाही. त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. अख्खे काजू, शेंगदाणे, चिक्की, कडक गोळ्या पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. पाहुण्यांपुढे ठेवलेली फराळाची थाळी नेमकी टीपॉयवर, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असते. द्राक्षं उभी चिरून चार फाकी करून द्या.

गोठा: हात लावू नको म्हणण्यापेक्षा

सेंट फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चोला गोठ्याचा पहिला देखावा उभा केला, तेव्हा त्यात खरा बैल आणि खरं गाढव होतं. मुलांनाही गोठा तसाच हवा असतो, हात लावता येणारा. मातीच्या किंवा प्लास्टरच्या मूर्ती मांडून “लांबून बघ” म्हटलं की दुसऱ्या दिवशी मेंढीचा पाय तुटलेला असतो. दोन गोठे करा. मोठा गोठा तीन फुटांच्या वर, भिंतीला टेकलेल्या टेबलावर. टेबलावरची चादर खाली लोंबू देऊ नका. रांगणारं मूल तीच धरून उभं राहतं. दुसरा गोठा खाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडी किंवा लाकडी चित्रांचा. यातली चित्रं कितीही वेळा इकडची तिकडे झाली तरी चालेल. मात्र साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा लहान काहीही तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या गोठ्यात नको. बाळ येशूची मूर्ती बहुधा सगळ्यात लहान असते, ती जपून ठेवा आणि २४ च्या रात्री मुलाकडूनच मोठ्या गोठ्यात ठेवून घ्या.

गोठ्यातली हिरवळ हे मुलांचं खास काम. नाचणी रात्रभर भिजवून, पसरट ताटलीत इंचभर ओल्या मातीवर १४-१५ डिसेंबरला पेरा. दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा, कोंब आले की उजेडात. नाताळपर्यंत बोटभर गवत तयार होतं. पहिल्याच आठवड्यात पेरलं तर ते उंच वाढून आडवं पडतं. दाणे एकावर एक पडले तर बुरशी धरते. तांब्याने पाणी ओतलं तर सगळी नाचणी एका कोपऱ्यात वाहून जाते. मुलाच्या हातात फवाऱ्याची बाटली द्या, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा फवारे, मोजून. मोजण्यातच त्याला गंमत असते, आणि पाणीही जास्त होत नाही.

गोठ्यात पेंढा आणि कापसाचं बर्फ असेल तर मेणबत्ती अजिबात नको. दोन्ही क्षणात पेटतात. कागदी ताऱ्यात जुना ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावू नका, ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरतो. जुन्या दिव्यांच्या माळेतले गेलेले दिवे कापून वायर परस्पर जोडण्याची सवय घातक आहे. उरलेल्या प्रत्येक दिव्यावर जास्त व्होल्टेज येतं, तो तापतो आणि वायर वितळते. अशी माळ टाकून द्या. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, आणि झोपताना माळ बंद.

बटण सेल: इथे थांबून वाचा

गाणारी कार्डं, चमकणाऱ्या टोप्या, प्लास्टिकच्या चमकत्या मेणबत्त्या, स्वस्त खेळणी यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. सीआर २०३२ म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो, आणि ओल्या जागी वीज वाहून दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा खायला नाही म्हणतं, आणि घरचे “केक जास्त झाला असेल” म्हणून थांबतात. हे थांबणं जिवावर बेततं.

ज्याचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते खेळणं घरात नको. पाहुण्यांनी आणलं तरी नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी, रात्रीचे बारा वाजले असोत, एक्स-रे असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच निघा. उलटी करवू नका, जेवण देऊ नका. मूल वर्षापेक्षा मोठं असेल आणि नीट गिळू शकत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध देतात, त्याने इजा थोडी मंदावते. पण घरात मध नाही म्हणून दुकान शोधत बसू नका. तसाच दुसरा सेल किंवा पाकीट हाताशी असेल तर डॉक्टरांना दाखवायला घ्या.

२४ ची रात्र

रात्रीच्या मिस्सेसाठी मुलांना जागं ठेवायचं म्हणून दुपारी झोपू न देणं ही उलटी युक्ती आहे. दमलेलं मूल झोपत नाही, रडतं. दोन ते चार झोपवा. झोप सुटलेल्या मुलालाही पडदे ओढून तासभर आडवं करा. सातला साधं जेवण, वरण-भात किंवा पेज. गोड नंतर. जाळीचा फ्रॉक किंवा नवा सूट घरातून निघताना घाला, आत सुती बनियन हवं. जाळी टोचते आणि अर्ध्या मिस्सेत खाजवणं सुरू होतं. नायलॉनची जाळी पेटायला वेळ लागत नाही, त्यामुळे मेणबत्त्यांजवळ मूल कडेवर.

चर्चमधला गोठा मिस्सेआधी दाखवून आणा. नंतर तिथे इतकी गर्दी होते की मुलाला फक्त पाठी दिसतात. जागा कडेच्या दाराजवळ धरा. मुलाच्या दंडावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा आणि हरवलास तर कुठे उभं राहायचं ती जागा आधी बोटाने दाखवा. खूपच लहान मूल असेल तर २५ च्या सकाळची मिस्सा निवडण्यात काहीही कमी नाही. आजी-आजोबांना हे आदल्या दिवशीच सांगा, दारात उभं राहून नको.

परतताना पेंगुळलेलं मूल स्कूटरवर मधे बसवू नका. झोपेत ते बाजूला कलंडतं. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किमीच्या आत, असा नियमच आहे. रिक्षा करा.

नाताळबाबाच्या मांडीवर रडणाऱ्या मुलाला फोटोसाठी बसवू नका. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दाढीमागे अनोळखी माणूस दिसतो, आणि त्याचं घाबरणं रास्त आहे. तुमच्या कडेवरून हात हलवू द्या, फोटो तोही छान येतो. “त्रास दिलास तर नाताळबाबा काही देणार नाही” ही धमकीही नको. भेट मिळणारच असते, मग शब्दाची किंमत जाते.

३१ डिसेंबरचा ओल्ड मॅन

मुंबई, वसई, गोव्यात सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात, आणि तो भरायचं काम मुलांचंच. जुना सुती शर्ट-पँट, पेंढा, कागद. चूक होते ती आत फटाके, प्लास्टिक किंवा सिंथेटिक कपडे कोंबण्यात. फटाका कुठल्या दिशेला उडेल ते कळत नाही, आणि सिंथेटिक कापड वितळून ठिबकतं. पेटवताना रॉकेल ओतू नका, पायाशी पेटता कागद पुरतो. मुलं १५-२० फूट लांब, वारा पाठीवर घेऊन, सुती कपड्यांत. दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा. तीन-चार वर्षांचं मूल माणसाचा आकार जळताना पाहून घाबरू शकतं; त्याला पेंढा भरताना हाताने दाखवा की आत कोणी नाही.

रात्री आग विझली असं वाटलं तरी राख काठीने उकरून दुसरी बादली तिच्यावर ओता. पेंढ्याच्या राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि १ जानेवारीला उठल्या उठल्या मुलं अनवाणी तिकडेच धावतात.