रामशेजच्या शिबंदीचा पोशाख: सहा महिन्यांची तयारी

कापडाच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी वहीत एक साल, एक ठिकाण आणि प्रत्येक पात्राचा हुद्दा लिहून काढावा. आमच्या गटाने 1682 हे साल धरले आहे. त्या वर्षी औरंगजेबाच्या फौजेने नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला वेढा घातला आणि गडावरच्या शिबंदीने, म्हणजे राखणीच्या सैनिकांनी, तो कित्येक वर्षे झुंजवत ठेवला. येत्या फेब्रुवारीत गडाच्या पायथ्याशी आम्ही अठरा जण त्या शिबंदीच्या वेषात उभे राहणार आहोत, म्हणून ही यादी ऑगस्टपासून सुरू होते. अठरांपैकी एक हवालदार (गडाचा मुख्य अधिकारी), एक सरनोबत (शिबंदीचा प्रमुख), एक सबनीस (हिशेब-दप्तर पाहणारा), दोन नाईक, तीन स्त्रिया आणि बाकीचे दहा साधे गडकरी, अशी वाटणी आहे. ही वाटणी आधी पक्की केली नाही तर प्रत्येकाला सरदार व्हावेसे वाटते आणि पायथ्याशी दरबार भरल्यासारखा दिसतो. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या पोकळ ओंडक्यांच्या तोफा करून मारा केला गेला, असे खाफीखान या मोगल इतिहासकाराने नोंदवले आहे. अशा गडावरच्या माणसाच्या अंगावर किनखाब, म्हणजे जरीचे भारी रेशमी कापड, चढवणे मला तरी त्या माणसांचा अपमान वाटतो.

साल ठरले की पुरावा गोळा करावा आणि तो त्याच सालाच्या आसपासचा असावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्यात रंगवलेली चित्रे अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत, त्या काळी हिंदुस्थानात राहिलेल्या निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशासाठी काढलेली चित्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि या चित्रांतला जामा (वर घट्ट आणि कमरेखाली घेर असलेला लांब अंगरखा), कमरशेला आणि पागोटे आपल्या कामाला थेट उपयोगी पडतात. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालातली भित्तिचित्रे आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि पाहायला सोपी आहेत. पण ती अठराव्या शतकाची आणि त्यापुढची दुनिया दाखवतात, तेव्हा ती पाहून यावीत आणि 1682 च्या वहीत उतरवू नयेत. पेशवाईच्या उत्तरार्धात घोट्यापर्यंत उतरलेला जाम्याचा घेर, शिंदेशाही पगडी, पुणेरी पगडी, तुरा उडवणारा कोल्हापुरी फेटा, या साऱ्या गोष्टी अशाच चुकून मागच्या शतकात शिरतात. वहीत प्रत्येक वस्त्रासमोर ‘कोणत्या चित्रावरून’ असा एक रकाना आखावा. रकाना रिकामा राहिला तर ते वस्त्र गाळावे किंवा त्याचे सर्वांत साधे रूप घ्यावे.

पुढचे काम कापडाचे. सुती कापड हाताने कातलेल्या सुताचे आणि हातमागावर विणलेले असावे, म्हणजे खरी खादी. हातमागाच्या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ कापडात सूत गिरणीचे असते आणि खादीच्या दुकानातही पॉलिखादीचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या खादीचे, तागे शेजारीच ठेवलेले असतात, म्हणून विचारून आणि तपासून घ्यावे. तपासणीची रीत सोपी आहे. कडेचा एक धागा उसवून चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत मऊ चुरते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी गोळी दाबली की फुटते. पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी धरतो. मेन रोडवरून आणलेल्या ‘शुद्ध सुती’ कापडाच्या एका ताग्याचा असा मणी आम्ही वहीत चिकटवून ठेवला आहे, नव्या सभासदांना दाखवायला.

कापड उन्हात धरून विणही पाहावी. हाताने कातलेल्या सुतात जागोजाग किंचित जाड गाठीसारखे फुगीर भाग दिसतात, दोन धाग्यांमधले अंतर थोडे कमीजास्त होते आणि प्रकाश एकसारखा झिरपत नाही. मालेगावच्या यंत्रमागावरचे कापड आपल्या जागी उत्तम, पण त्याची एकसारखी वीण पाच पावलांवरूनही ओळखू येते. रंगाने पांढरे म्हणजे नीळ आणि टिनोपाल दिलेले निळसर पांढरे घेऊ नये; कोरे, पिवळट छटेचे कापड घ्यावे आणि उन्हात वाळवून त्याला हळूहळू उजळू द्यावे. हवालदाराच्या जाम्यासाठी मशरू चालते. त्याचा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असतो, त्यामुळे चमक बाहेर राहते आणि अंगाला सूत लागते. येवल्याची पैठणी जवळच मिळते आणि मोहही होतो, पण वेढ्यातल्या गडावर तिचे काम नाही.

कापड कापण्याआधी धुवावे. ही ओळ आमच्या यादीत लाल शाईने लिहिलेली आहे. पहिल्या वर्षी घाईत चार जामे कोऱ्या कापडातून बेतले, कार्यक्रमानंतर पहिल्यांदा धुतले आणि बाह्या मनगटाच्या वर आल्या. जाम्याची बाही हातापेक्षा बरीच लांब ठेवतात, ती मनगटावर ओढून कोपराखाली बारीक चुण्या पडू देतात, आणि सतराव्या शतकातल्या चित्रांची ती खूण आहे. आमच्या चारही जाम्यांवरून तीच पुसली गेली. तेव्हापासून प्रत्येक ताग्याचा पन्हा आणि लांबी वहीत लिहून ठेवतो, कापड रात्रभर पाण्यात भिजवतो, सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळतो आणि वाळल्यावर पुन्हा मोजतो. उकळल्याने खळ आणि सुताचा मेणचटपणा जातो, त्याशिवाय पुढे रंगही नीट धरत नाही.

रंगाला सप्टेंबर-ऑक्टोबरचे दोन महिने द्यावेत. पहिला कृत्रिम रंग 1856 सालचा, कृत्रिम नीळ बाजारात आली ती 1897 मध्ये. 1856 च्या आधीचा जवळजवळ प्रत्येक रंग झाडातून, किड्यातून किंवा मातीतून येत होता. लालासाठी मंजिष्ठ, म्हणजे त्या वेलीची वाळलेली मुळे, घ्यावी. उकळून धुतलेले कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवावे, मग तुरटीच्या पाण्यात, आणि शेवटी मंजिष्ठेच्या कढात मंद आचेवर ठेवावे. एक किलो कोरड्या कापडाला आम्ही दोनशे ग्रॅम हिरडा, दीडशे ते दोनशे ग्रॅम तुरटी आणि अर्धा किलो मंजिष्ठ धरतो. तुरटीशिवाय रंग कापडावर बसतो, पण टिकत नाही. कढ लोखंडी कढईत करू नये, कारण लोखंडाने लाल काळवंडतो. हिरडा दिलेल्या कापडाला लोखंडाचे पाणी लागले तर ते काळेच होते, आणि काळा पाहिजे असेल तेव्हा नेमके हेच करावे. त्यासाठी गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून ठेवतात. निळीला तुरटी लागत नाही. आंबवलेल्या निळीच्या रांजणातून कापड पिवळट हिरवे बाहेर येते आणि हवा लागताच डोळ्यांसमोर निळे होत जाते. तो क्षण पाहायला आमच्या गटातली मुले शाळा सुटली की धावत येतात. गडद निळ्यासाठी एकदाच जास्त वेळ बुडवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे बुडवावे.

कुसुंबा फार सुंदर, आणि फार नाजूक. करडईच्या फुलांतला पिवळा आधी थंड पाण्याने धुऊन काढतात, मग क्षारात लाल उतरवतात आणि लिंबाने तो कापडावर बसवतात. जो रंग क्षारात उतरतो तो साबणातही उतरणारच, म्हणून कुसुंबी पागोट्याला साबण लावू नये आणि ते उन्हात फार वेळ ठेवू नये. हळदीचेही उन्हात तसेच होते. साध्या गडकऱ्यांचे कपडे बहुतेक कोरे, थोडे मंजिष्ठेचे, थोडे निळीचे ठेवावेत. रंगाचे उरलेले पाणी गोदावरीत किंवा नाल्यात सोडू नये. ते आम्ही पिंपात मुरू देतो आणि झाडांपासून दूर खड्ड्यात जिरवतो.

आता बेतणे आणि शिवणे. जाम्याचा बेत सरळ रेषांचा असतो. खांद्याचा उतार, गोल बगल, छातीचे चिमटे ही आजच्या शिवणकलेची कामे आहेत आणि शिंप्याकडे मापे दिली तर ती सवयीने घालतो, त्यामुळे त्याच्याशेजारी बसून बेतावे किंवा स्वतः शिकावे. वरचे अंग घट्ट, त्याचा एक पदर दुसऱ्यावर चढणारा, बाही सरळ पट्टीची, बगलेत चौकोनी तुकडा म्हणजे हात वर केला तरी कापड ओढत नाही, आणि कमरेखाली कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्यांचा, घेर. कळी काढताना लांब चौकोनी तुकडा तिरका कापला की दोन कळ्या मिळतात आणि चिंधीही वाया जात नाही. 36 इंची पन्ह्याचे सात मीटर कापड आम्ही एका जाम्याला धरतो आणि घेर गुडघ्याखाली चार बोटे ठेवतो. बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, डाव्या बगलेखाली बांधायचे. हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे जामा बांधीत, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. चित्र उलटे छापले गेले की हा संकेतही उलटतो, म्हणून छापील चित्रावरून बेतताना तलवार कोणत्या बाजूला लटकली आहे तेही पाहावे.

शिलाई यंत्र एकोणिसाव्या शतकातले आहे, तेव्हा जी शिवण दिसते ती हाताची असावी. आतल्या शिवणी यंत्रावर घ्याव्यात का, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. माझे मत असे की साध्या गडकऱ्याच्या कपड्यात एकही यंत्राची टीप असू नये, कारण त्याची बंडी लहान असते आणि हाताने शिवायला चार संध्याकाळी पुरतात. जाम्याच्या लांब आतल्या कळ्यांना मी हरकत घेत नाही, पण घेराची किनार, गळा आणि बंद हातानेच व्हावेत. धागा सुती मागून घ्यावा, कारण नेहमीचे रीळ पॉलिस्टरचे असते, आणि तो मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा म्हणजे गुंतत नाही. शिवणीला धावदोरा, जिथे ताण येतो तिथे उलटी टीप, काठाला तुरपाई, एवढे तीन टाके आले तरी पुरे. बटण, हुक, चेन, इलॅस्टिक यांतले काहीही आत लपवूनसुद्धा वापरू नये, कारण बसता-उठता ते दिसतेच.

खाली चोळणा (सैल विजार) किंवा नाडीची इजार. साध्या गडकऱ्याला आखूड चोळणा, वर बंदांची बंडी, कमरेला शेला, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी एवढे बस्स आहे. घोंगडी धनगरी लोकरीची, हातमागाची आणि न रंगवलेली घ्यावी. फेब्रुवारीत पहाटे रामशेजच्या वाऱ्यात तीच उपयोगी पडते. मुंडासे पाच ते सात मीटरच्या विरळ सुती पट्ट्याचे. ते ज्याचे त्याने बांधावे, आणि महिनाभर रोज बांधण्याचा सराव करावा. तयार, शिवून टाचलेला फेटा डोक्यावर टोपीसारखा बसतो. खरे मुंडासे तासाभरात एका बाजूला कलते आणि माणूस सवयीने ते सारखे करतो. ती हालचाल सरावानेच येते.

स्त्रियांनी नऊवारी लुगडे स्वतः नेसावे, शिवलेली नऊवारी घेऊ नये. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तेही सुती आणि अरुंद काठाचे. चोळी पुढे गाठ मारण्याची असावी. दागिने कमीच, मोठ्या नथी आणि चंद्रकोरीच्या टिकल्या मिरवणुकीपुरत्या ठेवाव्यात.

पायांत रबरी तळ चालणार नाही. सालीने कमावलेल्या कातड्याच्या, हाताने शिवलेल्या साध्या वहाणा करून घ्याव्यात आणि दोन महिने आधीपासून घालाव्यात, नाहीतर पायथ्याच्या खडकाळ वाटेवर फोड येतात. पाण्यासाठी आणि शिधा ठेवायला भांडी तांब्या-पितळेची. नाशिकच्या भांडी बाजारात जुनी, ठोकीव भांडी मोडीत आलेली मिळतात आणि ती नव्या चकचकीत भांड्यांपेक्षा बरी. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम तळावर आणूच नये. मोबाईल, चाव्या, औषधे यांसाठी प्रत्येकाने कमरशेल्यात राहील असा कापडी बटवा शिवावा. चष्म्याशिवाय ज्याला दिसत नाही त्याने चष्मा घालावा. खडकावर पाय चुकण्यापेक्षा तो दिसलेला बरा. हत्यारे बोथट असावीत, आणि पोलिसांची लेखी परवानगी महिनाभर आधी घ्यावी.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पूर्ण वेषात पांडवलेणीच्या पायऱ्या चढून उतराव्यात. बसावे, वाकावे, पळावे, भाकरी खावी. कुठली शिवण उसवते, कुठला बंद आखूड पडतो, घेर कुठे पायात येतो, ते त्या दिवशी कळते आणि दुरुस्तीला महिना हातात राहतो. सुई, मेण लावलेला धागा आणि कापडाचे उरलेले तुकडे त्या दिवशी बरोबर ठेवावेत. ठिगळ लावायचे तर त्याच रंगाच्या कढातल्या तुकड्याचे लावावे, आणि ते लपवू नये.

कार्यक्रमानंतर कपडे त्याच रात्री गाठोड्यात बांधू नयेत. घाम वाळू द्यावा, मंजिष्ठेचे आणि निळीचे कपडे वेगवेगळे रिठ्याच्या पाण्यात धुवावेत, सावलीत वाळवावेत आणि कडुनिंबाची वाळलेली पाने व वेखंडाच्या कांड्या घालून सुती फडक्यात गुंडाळावेत. कुसुंबी पागोटे न धुता फक्त हवेवर टाकावे. गाठोड्यावर चिठ्ठी बांधावी: कोणाचे, कोणत्या ताग्यातले, कोणत्या कढातले, कुठे ठिगळ.