गोबरा ओळखताना या चुका टाळा

बडोद्यात समुद्र नाही, पण दांडिया बाजारातल्या आमच्या कायस्थ घरात रविवारी मासळी लागतेच. ती बर्फाच्या पेटीतून येते, आणि गोबरा (काहीजण हेकरू म्हणतात) ओळखण्यात गोंधळ होतो तो बराचसा या बर्फामुळे. रंग उडतो. मागच्या हिवाळ्यात मी एक गोबरा फिकट पडलेली तांबोशी (लालसर रंगाचा दुसरा मासा) समजून घरी आणला.

तेव्हापासून आधी माशाचं तोंड मिटवून बघतो. तांबोशीच्या वरच्या जबड्याचं हाड तोंड मिटलं की डोळ्याखालच्या हाडाआड सरकतं. गोबऱ्याचं उघडंच राहतं.

पट्टे मोजून जात ठरवू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या एपिनेफेलस डायाकॅन्थस या गोबऱ्याच्या जातीला पाच रुंद पट्टे असतात, चार पाठीवरच्या पराखाली, पाचवा शेपटीच्या देठावर. पण ते पुसट होतात, कधी दिसतही नाहीत. बराच खोल राहणारा आठ पट्ट्यांचा गोबरा तर मोठा झाला की पट्टेच हरवून बसतो. त्यापेक्षा गालाच्या हाडाचा कोपरा चाचपा, जपून. डायाकॅन्थसला तिथे दोन ते पाच जाड काटे लागतात, नावातच काटे आहेत ('अकॅन्था' म्हणजे ग्रीकमध्ये काटा). शेपूट गोल असते. शेपूट सरळ कापल्यासारखी आणि तिला पांढरी कड दिसली, तर मासा दुसरा.

तोंडातून पोट बाहेर आलेलं, डोळे वटारलेले पाहून 'सडका आहे' म्हणत मासा परत करणारे मी पाहिलेत. तो खोल पाण्यातून वर ओढला गेलाय, एवढंच. 100 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या अकरापट असतो. वर येताना पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सगळं बाहेर ढकलते. ताजेपणा कल्ल्यांच्या लालीवरून बघा.

गोबरा खडकातच असतो, हाही समज अर्धाच खरा. डायाकॅन्थस चिखल-वाळूच्या तळावर 10 ते 120 मीटरपर्यंत सापडतो, म्हणूनच ट्रॉलरला मिळतो. दबा धरायचा, खेकडा किंवा कोळंबी टप्प्यात आली की तोंड उघडून ओढून घ्यायची, ही त्याची शिकार.

आणि गाबोळीसाठी (माशाच्या अंड्यांसाठी) सगळ्यात मोठा नग मागू नका. बहुतेक गोबरे आधी मादी असतात, वाढल्यावर नर होतात. मध्यम चणीचा घ्या. आई मात्र अजून मोठ्याचंच पोट फाडून दाखवायला लावते.